एका पानापासून सुरुवात: विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कलाबंडांवर पहिलं संशोधन कसं करावं

कलेतिहास किंवा दृश्यकला घेऊन एम.ए., एम.व्ही.ए. करणाऱ्यांच्या पहिल्या सिनॉप्सिसवर बहुतेक वेळा एकच शीर्षक असतं: 'आधुनिक युरोपीय कलाचळवळी: एक अभ्यास'. पाच प्रकरणं, पाच वाद. घनवाद, भविष्यवाद, दादावाद, रचनावाद, अतिवास्तववाद. प्रत्येकाला वीस पानं, शेवटी निष्कर्ष. गाइडही कधीकधी सही करून मोकळे होतात. मग सहा महिन्यांनी विद्यार्थ्याच्या लक्षात येतं की आपण पाठ्यपुस्तक पुन्हा लिहितो आहोत आणि आधीचंच जास्त बरं होतं.

दुसरी अडचण विद्यार्थी स्वतःच सांगतात. मूळ चित्रं पॅरिस, न्यूयॉर्क, मॉस्कोला. आम्ही सांगलीला, नांदेडला, फार तर पुण्याला. चित्र न बघता संशोधन कसलं?

प्रश्न रास्त आहे, पण या विशिष्ट काळाला तो पूर्णपणे लागू होत नाही. १९०९ ते १९२५ या दरम्यानच्या बंडखोरांनी चित्रं काढली तितकाच कागद छापला: जाहीरनामे, पत्रकं, चार-आठ पानांची नियतकालिकं, प्रदर्शनांच्या यादीपुस्तिका, निमंत्रणं, पोस्टकार्डं. त्यांच्या कितीतरी वस्तू हरवल्या, मोडल्या, फेकल्या गेल्या. कागद राहिला. आणि त्या कागदाचा मोठा भाग आज स्कॅन होऊन फुकट उपलब्ध आहे. म्हणजे मोबाइल आणि बऱ्यापैकी नेट असलेल्या माणसालाही अस्सल प्राथमिक साधनांवर काम करता येतं. अट एवढीच की वादापासून नाही, एका कागदापासून सुरुवात करायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत.

पायरी १: विषय कापा, मग पुन्हा कापा

'दादावाद' (पहिल्या महायुद्धाच्या काळात झुरिकमध्ये सुरू झालेलं, कलेच्या रूढ कल्पनांची थट्टा करणारं बंड) हा विषय नाही, ते कपाट आहे. विषय असा दिसतो: 'झुरिकच्या "काबारे व्होल्तेर"मध्ये ५ फेब्रुवारी १९१६ ते त्याच वर्षीचा जुलै या काळात रंगमंचावर काय सादर झालं आणि त्यातलं किती छापलं गेलं'. किंवा: '१९२० च्या बर्लिनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय दादा प्रदर्शनात हान्ना ह्योखच्या कोलाजला कोणती जागा मिळाली'. शीर्षकात एक ठिकाण, एक साल आणि एक वस्तू किंवा घटना असली की निम्मं काम झालं.

ह्योख या जर्मन कलावतीचं उदाहरण घेतलं तर कापणं म्हणजे काय ते कळतं. स्वयंपाकघरातल्या सुरीने जर्मन समाजाचं पोट फाडणारं तिचं ते प्रसिद्ध कोलाज साधारण ११४ बाय ९० सेंटिमीटरचं आहे. स्क्रीनवर ते वहीच्या पानाएवढं वाटतं, प्रत्यक्षात शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या नकाशाएवढं आहे. त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात खरोखरच एक नकाशा चिकटवलेला आहे: युरोपातल्या ज्या देशांत बायकांना मताधिकार मिळाला होता किंवा मिळू घातला होता त्या देशांचा. जर्मनीत तो नुकताच, १९१८ च्या अखेरीस मिळाला होता. आता 'दादावादातील स्त्रिया' असं पसरट काही लिहिण्यापेक्षा या एका कोपऱ्यावर वीस पानं लिहिता येतात. नकाशा कुठल्या छापील पानातून कापला असेल, शेजारी कोणाचे चेहरे आहेत, ज्या प्रदर्शनात तिच्या समावेशालाच काही सहकाऱ्यांचा विरोध होता तिथे हा कोपरा कोण वाचणार होतं. हे प्रश्न तुमचे असतील.

एक कसोटी सांगतो. तुमचा विषय रिक्षातल्या शेजाऱ्याला एका वाक्यात सांगा. त्याने 'मग काय सापडलं?' विचारलं तर विषय आहे. 'अरे वा, छान' म्हणाला तर अजून कापा.

पायरी २: तारखांचा तक्ता आधी, मत नंतर

एक स्प्रेडशीट उघडा. रकाने: तारीख, काय घडलं, कुठे, मला हे कोणत्या कागदावरून कळलं, तो कागद मी स्वतः पाहिला का. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि तो बहुतेक जण ठेवत नाहीत.

या काळात तारखा सरळ नसतात. भविष्यवादाचा जाहीरनामा इटालियन कवी मारिनेत्तीने २० फेब्रुवारी १९०९ ला पॅरिसच्या 'ल फिगारो'च्या पहिल्या पानावर छापून आणला, हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते बरोबरही आहे. पण तोच जाहीरनामा ५ फेब्रुवारीला बोलोन्याच्या 'गाझेत्ता देल्लएमिलिया'त येऊन गेला होता. इटालियन चळवळीचा जन्म पॅरिसला झाला, हे मारिनेत्तीला हवं असलेलं चित्र होतं. तक्त्यात दोन ओळी पडल्या की ते चित्र तयार कसं केलं गेलं याबद्दल लिहिता येतं.

तक्ता आणखी एक गोष्ट दाखवतो. १९०९ च्या त्या जाहीरनाम्यात अकरा कलमं आहेत. शर्यतीची मोटार सामोथ्रेसच्या विजयदेवतेच्या शिल्पापेक्षा सुंदर आहे, युद्धाचा गौरव करू, संग्रहालयं आणि ग्रंथालयं नष्ट करू, असं सगळं त्यात आहे. चित्रं कशी काढायची याबद्दल काही नाही. चित्रकारांचा वेगळा जाहीरनामा फेब्रुवारी १९१० चा, तांत्रिक जाहीरनामा एप्रिल १९१० चा, आणि पॅरिसमधलं त्यांचं गाजलेलं प्रदर्शन थेट १९१२ चं. म्हणजे चळवळ आधी जाहीर झाली, चित्रं मागून आली. पाठ्यपुस्तकात हा क्रम उलटा वाटतो, कारण तिथे चित्रांचे फोटो मोठे छापतात.

रशियाच्या बाबतीत तर पंचांगच वेगळं. पेत्रोग्रादमधलं (म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमधलं) '०.१०' नावाचं प्रदर्शन, ज्यात चित्रकार मालेविचचा काळा चौकोन पहिल्यांदा लोकांसमोर आला, ते १९ डिसेंबर १९१५ ला उघडलं. ती तारीख तेव्हा रशियात चालणाऱ्या ज्युलियन पंचांगाची. पश्चिमेकडे त्या दिवशी १ जानेवारी १९१६ होता. रशियाने नवं पंचांग १९१८ मध्ये स्वीकारलं. त्यामुळे १९१८ आधीची कुठलीही रशियन तारीख लिहिताना जुनी की नवी, ते तळटीपेत सांगा.

तो चौकोनही गंमतीदार आहे. प्रदर्शनाच्या यादीत त्याला 'काळा चौकोन' म्हटलेलंच नाही, नुसतं 'चतुष्कोन' अशा अर्थाचं नाव आहे. मालेविचने नंतर त्याचं साल १९१३ लावलं, कारण त्या वर्षी एका संगीतिकेसाठी केलेल्या नेपथ्यात त्याला या कल्पनेचं बीज दिसत होतं. २०१५ मध्ये त्रेत्याकोव्ह गॅलरीच्या तज्ज्ञांनी क्ष-किरण तपासणी केली तेव्हा काळ्या रंगाखाली आधीच्या दोन रंगीत रचना निघाल्या. शिवाय मालेविचने पुढे या चित्राच्या आणखी आवृत्त्या केल्या. कलाकाराने स्वतः दिलेली तारीख हा पुरावा आहेच, पण तो प्रामुख्याने कलाकाराला काय सिद्ध करायचं होतं याचा.

पायरी ३: कागद कुठे मिळतो

यात फार रेंगाळायला नको. चार-पाच जागा पुरतात.

फ्रेंच वर्तमानपत्रं आणि मासिकं फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका'वर आहेत. तारीख निवडली की त्या दिवसाचा अख्खा अंक उघडतो. 'ल फिगारो'चं ते पान तिथेच बघा. जाहीरनाम्याच्या डोक्यावर संपादकांनी टीप टाकली आहे की ही अतिशय धाडसी आणि बऱ्याचदा अन्यायकारक टोकाची मतं लेखकाची, जबाबदारी त्याची. ही टीप पुस्तकांतल्या भाषांतरांतून गळते. ज्या वर्तमानपत्राने जाहीरनामा छापला त्याने त्याच पानावर हात झटकले होते, हे मूळ पान उघडल्याशिवाय कळत नाही.

दादासाठी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय दादा संग्रह. 'काबारे व्होल्तेर' (त्या मंचाच्याच नावाचं नियतकालिक), 'दादा', पिकाबियाचं '३९१' असे अंक पानागणिक स्कॅन केलेले आहेत. इंग्रजी नियतकालिकांसाठी 'मॉडर्निस्ट जर्नल्स प्रोजेक्ट', तिथे विंडम लुइसचं 'ब्लास्ट' आणि 'द लिटल रिव्ह्यू' सापडेल. प्रिन्स्टन विद्यापीठाचा 'ब्लू माउंटन' हा प्रकल्पही युरोपीय नियतकालिकांचाच. १९०५ ते १९१५ मधल्या प्रदर्शनांसाठी व्हिएन्ना विद्यापीठाचा एक डेटाबेस आहे. कोणी कुठे कोणती चित्रं लावली हे प्रदर्शनांच्या मूळ यादीपुस्तिकांवरून तिथे नोंदलं आहे. आकडेमोड आवडणाऱ्यांसाठी ही खाण आहे. न्यूयॉर्कच्या 'मोमा'ने (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) १९२९ पासूनच्या आपल्या प्रदर्शनांचे फोटो, यादीपुस्तिका, प्रसिद्धिपत्रकं खुली केली आहेत.

स्कॅन डाउनलोड केल्याबरोबर फाइलला नाव द्या: साल, महिना, नियतकालिक, अंक, पान. 'आयएमजी_२०३४' नावाच्या दोनशे फाइली घेऊन मार्चमध्ये बसणाऱ्यांची अवस्था बघवत नाही. संदर्भ साठवायला 'झोटेरो' फुकट आहे आणि देवनागरी नीट चालते.

पायरी ४: एका पानासमोर बसा

ही पायरी मोठी आहे आणि ती टाळली तर बाकीच्यांना अर्थ नाही.

मे १९१७, न्यूयॉर्क. 'द ब्लाइंड मॅन' नावाच्या छोट्या मासिकाचा दुसरा अंक. एकूण दोनच अंक निघाले. काढणारे तिघे: फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँ, आँरी-पिएर रोशे आणि बिआट्रिस वुड. त्यात एका पानावर एका मुतारीचा फोटो आहे आणि समोरच्या पानावर 'रिचर्ड मट प्रकरण' या अर्थाच्या मथळ्याचा निनावी मजकूर. ही मुतारी म्हणजे 'फाउंटन', गेल्या शतकातली बहुधा सगळ्यात जास्त चर्चिलेली कलाकृती, आणि ती सहसा द्युशाँच्याच नावावर सांगतात.

कुठलंही पुस्तक न उघडता, या दोन पानांवर दिसतं ते वीस ओळींत लिहून काढा. काय काय दिसू शकतं बघा.

वस्तू उभी नाही, पाठीवर उताणी टाकावी तशी आडवी ठेवलेली आहे, आणि 'आर. मट १९१७' ही सही त्या आडव्या अवस्थेत सुलट वाचता येते. म्हणजे आधी फिरवलं, मग सही केली. फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव आहे: आल्फ्रेड स्टीग्लिट्झ, म्हणजे त्या शहरातला सर्वांत नावाजलेला कला-छायाचित्रकार. थट्टाच करायची होती तर त्याच्याकडे कशाला जायचं? मागे कापड किंवा भिंत नाही, एक चित्र आहे. ते मार्सडन हार्टलीचं योद्ध्यांचं चित्र. त्याच्यासमोर वस्तू मुद्दाम मांडली आहे, उजेडही बेतून घेतला आहे. वस्तूला एक चिठ्ठी लटकलेली आहे. प्रदर्शनात प्रवेशिका पाठवताना बांधतात तशी, अर्धवट वाचता येणाऱ्या पत्त्यासह. आणि खाली छापलंय की 'इंडिपेंडंट्स'नी, म्हणजे प्रदर्शन भरवणाऱ्या 'सोसायटी ऑफ इंडिपेंडंट आर्टिस्ट्स' या संस्थेने, नाकारलेली ही प्रवेशिका.

आता समोरचा मजकूर. पहिलंच वाक्य पैशाबद्दल: सहा डॉलर भरणाऱ्या कोणालाही चित्र लावता येईल असं म्हणतात. कलेची व्याख्या मागाहून येते, आधी फीची पावती. त्या संस्थेने परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत, आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे मांडणी, असं जाहीर केलं होतं. मजकुरातला युक्तिवाद असा की मट यांनी ती हाताने घडवली की नाही हा प्रश्नच नाही, त्यांनी ती निवडली. हे 'निवडली' तेवढं मोठ्या अक्षरांत छापलं आहे. शेवटी एक टोमणा: अमेरिकेने जगाला दिलेल्या कलाकृती म्हणजे तिचं प्लंबिंग आणि तिचे पूल.

एवढं लिहून झाल्यावर मगच इतरांचं वाचायला घ्या. कारण या वस्तूबद्दल वाचायला लागलात की पहिला धक्का बसतो: १९१७ ची मूळ वस्तू अस्तित्वातच नाही. ती हरवली. आज लंडनच्या टेटमध्ये किंवा इतरत्र दिसते ती १९६४ मध्ये द्युशाँच्या देखरेखीखाली केलेल्या प्रतिकृतींपैकी एक. संग्रहालयाच्या पाटीवर दोन्ही सालं असतात, विद्यार्थ्यांच्या पानांवर मात्र बहुधा एकच येतं. 'मी टेटमध्ये मूळ फाउंटन पाहिलं' असं कोणी सांगितलं तर वाद घालू नका, पण प्रबंधात तसं लिहूही नका. मूळच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे हे छापील पान. म्हणजे नांदेडचा विद्यार्थी आणि लंडनचा विद्यार्थी इथे जवळजवळ एकाच रांगेत उभे आहेत.

पायरी ५: गाजणाऱ्या दाव्यांचं काय करायचं

याच वस्तूवर सध्या एक वाद जोरात आहे. फाउंटन द्युशाँचं नाहीच, ते एल्सा फॉन फ्रायटाग-लोरिंगहोव्हन या कवयित्रीचं, असा. समाजमाध्यमांवर तो निकाल लागल्यासारखा फिरतो. संशोधन करणाऱ्याने इथे न्यायाधीश व्हायची घाई करू नये, आधी कारकून व्हावं.

एका बाजूला: ११ एप्रिल १९१७ ला द्युशाँने बहीण स्युझानला पाठवलेलं पत्र. त्यात तो लिहितो की माझ्या एका मैत्रिणीने रिचर्ड मट हे पुरुषी टोपणनाव घेऊन चिनी मातीची मुतारी शिल्प म्हणून पाठवली. पत्र खरं आहे, तारीख पक्की आहे. एल्सा तेव्हा फिलाडेल्फियात होती आणि मट फिलाडेल्फियाचे असं वर्तमानपत्रांत आलं होतं, हेही त्याच बाजूने मांडतात. दुसऱ्या बाजूला: पत्रात मैत्रिणीचं नाव नाही. फोटोतल्या चिठ्ठीवरचा पत्ता लेखिका लुइस नॉर्टन यांच्याशी जुळतो, आणि त्याच अंकात त्यांनी या प्रकरणावर लेखही लिहिला आहे. एल्साने स्वतः ते आपलं असल्याचं म्हटलेला कागद पुढे आलेला नाही.

मला विचाराल तर पत्रातली मैत्रीण म्हणजे वस्तू पाठवण्यात हात असलेली बाई एवढं नक्की म्हणता येतं, कर्ती म्हणता येत नाही. पण माझं मत तुमच्या प्रबंधात नको. तुम्ही दोन रकाने करून काय कोणत्या कागदावर उभं आहे ते दाखवा. वाचणाऱ्याला तेच हवं असतं.

किश्शांनाही हीच चाळणी. काबारे व्होल्तेर झुरिकच्या श्पीगेलगास्से गल्लीत १ नंबरला होतं आणि त्याच काळात त्याच गल्लीत १४ नंबरला लेनिन राहत होता. हे खरं आहे. तिथून पुढे लेनिनला दादावाल्यांच्या टेबलावर बसवणारे किस्से बहुतेक नंतरच्या आठवणींतले आहेत. रंगतदार आहेत, तळटीपेत घाला.

पायरी ६: भाषेचा डोंगर

फ्रेंच, जर्मन, इटालियन, रशियन येत नाही म्हणून हा काळ सोडणारे पुष्कळ. सोडू नका, पण लपवूही नका. तुमचं साधन एक-दोन पानांचं असेल तर ते शब्दशः समजून घेणं शक्य आहे. मशीन भाषांतराने अंदाज घ्या, मग छापील इंग्रजी भाषांतराशी ताडा, आणि ज्या चार ओळींवर तुमचा मुद्दा उभा आहे त्या ती भाषा जाणणाऱ्या माणसाला दाखवा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मुंबई-पुण्यात मॅक्सम्युलर भवन आणि आलियाँस फ्राँसेज आहेत. चार ओळींसाठी कोणी नाही म्हणत नाही. ऋणनिर्देशात त्यांचं नाव विचारून घाला.

जर्मन वर्तमानपत्रांत आणखी एक काटा: ती बऱ्याचदा फ्राक्टुर नावाच्या जुन्या वळणाच्या टायपात छापलेली असतात. त्यात 'एस' आणि 'एफ' सारखे दिसतात, त्यामुळे यंत्राने वाचलेला मजकूर भलताच निघतो. शोधचौकटीत नाव टाकून 'काही नाही' असं आलं तर खरोखर काही नाही असं समजू नका. अंक पानापानाने चाळा.

चॅटबॉटचा उपयोग शब्दार्थासाठी करा, संदर्भांसाठी नको. खरी वाटणारी, पान क्रमांकासकट खोटी पुस्तकं ते बेधडक देतात. जी तळटीप तुम्ही स्वतः उघडून पाहिली नाही ती तुमची नाही, एवढा एकच नियम पाळा.

पायरी ७: इतरांचं वाचन, आणि बाणांचा तक्ता

आता पुस्तकं. सुरुवातीला मराठी विश्वकोशातल्या नोंदी वाचल्या तर संज्ञांची मराठी रूपं एकसारखी ठेवायला मदत होते. मग इंग्रजी.

वाचताना एक चित्र सारखं समोर येईल: 'मोमा'च्या आल्फ्रेड बार यांनी १९३६ च्या 'क्युबिझम अँड अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आर्ट' प्रदर्शनासाठी केलेला तक्ता. वरून खाली सालं, मध्ये वाद, एकातून दुसऱ्यात जाणारे बाण, तळाशी दोन प्रकारची अमूर्त कला. वर्गात शिकवलं जातं ते बरंचसं याच तक्त्याचं विस्तारित रूप आहे. तो नीट बघा. काही चौकटी लाल अक्षरांत आहेत: जपानी छापचित्रं, आफ्रिकी शिल्पं, निकटपूर्वेची कला, यंत्राचं सौंदर्य. त्यांच्यातून बाण बाहेर पडतात, त्यांच्याकडे एकही येत नाही. त्यांच्याखाली कलाकारांची नावंही नाहीत. जणू तिथे कोणी माणूस राहत नव्हता.

या तक्त्याची सवय लागली की आपल्याकडच्या कलेबद्दल लिहितानाही आपण एकच बाण काढतो: युरोपकडून इकडे. कलेतिहासकार पार्थ मित्तर यांनी या सवयीवर नेमकं बोट ठेवलं आहे. भारतीय चित्रकाराने घनवाद वापरला की तो फसलेला पिकासो ठरतो, पिकासोने आफ्रिकी मुखवटे वापरले की तो क्रांती ठरते. प्रबंधात 'प्रभाव' हा शब्द आला की तिथे थांबून विचारा: कोणी, काय, कधी, कुठे पाहिलं?

पायरी ८: इथला धागा जोडायचा असेल तर

जोडलाच पाहिजे असं नाही. मराठी विद्यार्थ्याने मालेविचवर नुसतं मालेविचबद्दल लिहावं, शेवटी ओढूनताणून वारली चित्रकला आणू नये. पण खरा धागा असेल तर तो सोडूही नये.

सर्वांत भक्कम धागा कोलकात्याचा. डिसेंबर १९२२ मध्ये इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या चौदाव्या वार्षिक प्रदर्शनात जर्मनीतल्या वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेतल्या कलाकारांची कामं लागली: पॉल क्ले, कांडिन्स्की, फायनिंगर, योहानेस इटन आणि इतर. व्हिएन्नाहून आलेल्या कलेतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी इटन यांना लिहून हे जुळवून आणलं. मोठ्या कॅनव्हासऐवजी जलरंग, रेखाटनं, छापचित्रं असा कागदावरचाच माल बहुतांशी आला. जहाजाने पाठवायला तेच सोयीचं.

आता मोह बघा. त्याच सुमाराला गगनेंद्रनाथ टागोर घनवादी वळणाची चित्रं काढत होते. हात लगेच लिहायला लागतो: 'बाउहाउस प्रदर्शनाच्या प्रभावाने गगनेंद्रनाथ...' तारखांचा तक्ता काढा. क्रामरिश यांनी गगनेंद्रनाथांना 'भारतीय घनवादी' म्हणणारा लेख 'रूपम' त्रैमासिकात लिहिला तो जुलै १९२२ च्या अंकात. प्रदर्शन डिसेंबरचं. प्रदर्शन उघडायच्या आधीच त्यांची ही चित्रं छापील चर्चेचा विषय झाली होती. एका तारखेने अख्खं प्रकरण वाचतं.

मुंबईचा धागा जरा उशिराचा आहे. हिटलरच्या काळात मध्य युरोपातून आलेली तीन माणसं, टाइम्स ऑफ इंडियाचे कलादिग्दर्शक झालेले वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडी फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर, यांनी तिकडची नवी कला इथल्या तरुणांना दाखवली आणि त्यांना पाठबळही दिलं. १९४७ मध्ये सुझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. यातला सुझा गोव्याच्या सालिगावचा, गाडे विदर्भातले. तेव्हाच्या मराठी दैनिकांनी या मंडळींच्या प्रदर्शनांबद्दल काय छापलं, हा प्रश्न धुळीने भरलेल्या फाइली चाळायची तयारी असलेल्यांसाठी उत्तम आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी, जे.जे.चं ग्रंथालय इथे आधी पत्र घेऊन जा, कॉलेजच्या लेटरहेडवर आणि शिक्क्यासह. शिक्का विसरलात तर एक खेप फुकट.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना तर याच कुळातला विषय घरात आहे. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांचं १९५४ चं 'शब्द' हे सायक्लोस्टाइल करून काढलेलं नियतकालिक होतं. कोलटकर तर जे.जे.मध्ये शिकलेले. स्वस्त कागद, थोड्या प्रती, मित्रांचं टोळकं. तुलना करा, पण झुरिकची नक्कल म्हणून नको. इथे काय वाचलं जात होतं आणि ते कुठून मिळत होतं, त्याचे कागद शोधा.

पायरी ९: चित्रं छापण्याचे हक्क

भारतात साधारण नियम असा की कलाकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. मालेविच १९३५, गगनेंद्रनाथ १९३८, क्ले १९४०, कांडिन्स्की १९४४ मध्ये गेले. त्यांची चित्रं मोकळी आहेत. द्युशाँ १९६८, पिकासो १९७३, ह्योख १९७८ मध्ये गेली. त्यांची नाहीत. परीक्षेसाठी सादर करायच्या प्रबंधात अभ्यासापुरतं चित्र वापरायला सहसा अडचण येत नाही, पण तोच मजकूर पुस्तक किंवा मासिकात देणार असाल तर संपादकाशी आधी बोला. चित्राखाली कलाकार, नाव, साल, माध्यम, आकार सेंटिमीटरमध्ये, आणि आता ते कुठे आहे, एवढं लिहा. प्रतिकृती असेल तर तसं स्पष्ट लिहा.

पायरी १०: लिहायला बसताना

प्रकरणांचा क्रम वस्तूकडून बाहेर ठेवा. पहिलं प्रकरण त्या एका पानाचं किंवा चित्राचं वर्णन. दुसरं ते कोणत्या हातांतून गेलं: कोणी काढलं, छापलं, विकत घेतलं, नाकारलं. तिसरं त्या शहरातले ते महिने. चळवळीचा सर्वसाधारण इतिहास हवाच असेल तर शेवटी चार पानांत. बहुतेक गाइड 'पार्श्वभूमी' पहिल्या प्रकरणात मागतात. वाद नको, पार्श्वभूमी पहिली ठेवा, पण ती सर्वांत शेवटी लिहा. म्हणजे तिच्यात तुमच्या वस्तूला लागणारं तेवढंच येईल आणि रेनेसाँपासून सुरुवात होणार नाही.

परिशिष्टात तीन गोष्टी जोडा: तारखांचा तक्ता त्या शेवटच्या रकान्यासकट, वापरलेल्या स्कॅनची यादी आणि ते कोणत्या तारखेला उघडले त्याची नोंद, आणि कोणती भाषांतरं तुमची, कोणती दुसऱ्याची, कोणती यंत्रावरून सुधारलेली. व्हायव्हाला जाताना त्या एका पानाची मोठी रंगीत प्रत काढून सोबत न्या. परीक्षक बऱ्याचदा ते पहिल्यांदाच बघत असतात.